पोटासाठी आंबवलेली पेयं : आधी ताट, मग ग्लास

केफिर (आंबवलेलं दूध), कोंबुचा (आंबवलेला चहा), जिवंत जिवाणू असलेलं दही ही नावं आता सगळ्यांच्या तोंडी आहेत. पोटाची तक्रार असलेला माणूस साहजिकच सुरुवात तिथूनच करतो. बाटली आणतो, पहिल्याच दिवशी मोठा ग्लास भरून पितो, दोन-तीन दिवसांत पोट फुगतं, गॅस होतो, आणि ‘आपल्याला हे मानवत नाही’ म्हणत बाटली फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात सरकवून देतो. बहुतेक वेळा पेयात काहीच खोट नसते. क्रम चुकलेला असतो आणि मात्रा चुकलेली असते. हा लेख त्या दोन गोष्टी नीट बसवण्यासाठी आहे.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. आपल्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, साधारण ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, असा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशी जितक्या, जवळपास तितकेच हे. आपल्याला न पचलेला तंतुमय भाग, म्हणजे फायबर, त्यांच्यापर्यंत पोहोचतो. ते तो आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान मेदाम्लं तयार होतात. यातलं ब्युटिरेट फार मोलाचं आहे, कारण मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्यातूनच मिळवतात. थोडक्यात, तुम्ही फायबर खाता तेव्हा आतड्याच्या भिंतीला जेवू घालत असता.

आता पेयांचं. आंबट दुधातले जिवाणू आतड्यात ठाण मांडतील आणि अपायकारक जिवाणूंना हुसकावून लावतील, अशी कल्पना एली मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली होती. रोगप्रतिकारशक्तीवरच्या संशोधनासाठी १९०८ साली नोबेल मिळालेला हा शास्त्रज्ञ. आंबवलेल्या दुधाकडे जगाचं लक्ष वेधलं ते मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळेच. पण ‘ठाण मांडतील’ हा भाग पुढे टिकला नाही. पेयातले बहुतेक जिवाणू आतड्यातून जाताना काम करतात आणि काही दिवसांत बाहेर पडतात. त्यामुळे महिन्यातून एकदा लिटरभर प्यायल्याने काही साधत नाही. रोज थोडं प्यायल्याने साधतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवडे एका गटाने आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, दुसऱ्याने फायबर भरपूर खाल्लं. आंबवलेल्या गटात आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. फायबरच्या गटात विविधता एवढ्या काळात सरासरीने वाढली नाही. गट लहान होते, त्यामुळे यावर फार मोठे इमले बांधू नयेत. मी त्यातून एवढाच अर्थ काढते की फायबरला वेळ लागतो, म्हणून त्याची सुरुवात आधी करावी आणि पेयाची जोड मग द्यावी.

पहिली पायरी : आठवडाभर फक्त नोंद

काहीही बदलू नका. रोज रात्री चार ओळी लिहा: काय खाल्लं, पोट कधी फुगलं, शौचाला किती वेळा झाली आणि कशी झाली. ‘कशी’ हे लिहिण्यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरा. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी शौचाचे सात प्रकार केले आहेत. पहिला म्हणजे सुट्या कडक गोळ्या, सातवा म्हणजे निव्वळ पाणी. तिसरा आणि चौथा, म्हणजे आकार धरलेली, मऊ, जोर न करता होणारी शौच, हे चांगलं लक्षण. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, या सगळ्याला वैद्यकात सामान्यच मानतात. रोज सकाळी एकदा झालीच पाहिजे या हट्टापायी माणसं विनाकारण रेचकं घेत बसतात.

शौचात रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय यांतलं काही असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. तिथे पेयांचा प्रयोग करत बसणं म्हणजे वेळ दवडणं.

दुसरी पायरी : ताट

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी रोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक फायबर आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं खावीत. आकडा ऐकायला लहान वाटतो, पण मोजायला बसलं की अनेकांचं अर्ध्यावरच अडतं. अंदाज यावा म्हणून सांगते: शिजवलेल्या मसुरीच्या एका मोठ्या कपात साधारण १५ ग्रॅम, सालासकट मध्यम सफरचंदात ४, केळ्यात ३, कोरड्या ओट्सच्या अर्ध्या कपात ४, दोन मोठे चमचे जवसाच्या पुडीत ४ ग्रॅमच्या आसपास. कडधान्यांचा आकडा बाकीच्यांपेक्षा किती पुढे आहे ते पाहा. ताटात रोज एक वाटी कडधान्य किंवा डाळ आली की निम्मं काम झालं.

पण हे एकदम करू नका. आज दहा ग्रॅमवर असाल तर दर आठवड्याला सुमारे पाच ग्रॅम वाढवा. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. त्याआधीच मारा केला तर गॅसचा त्रास ठरलेला. कडधान्यं रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात अगदी मऊ होईपर्यंत शिजवा. गॅस करणाऱ्या साखरेचा काही भाग त्या पाण्याबरोबर निघून जातो. फायबर वाढवताना पाणीही वाढवा, नाहीतर मल घट्ट होऊन बद्धकोष्ठता वाढते, आणि मग लोक म्हणतात, फायबर खाऊन उलटंच झालं.

दुसरी गोष्ट विविधतेची. ‘अमेरिकन गट प्रोजेक्ट’ (इथे ‘गट’ म्हणजे इंग्रजीतलं gut, आतडं) या प्रकल्पाने २०१८ साली निष्कर्ष मांडले. आठवड्यात तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यातले जिवाणू, दहा किंवा कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा अधिक विविध आढळले. तीस म्हटलं की छाती दडपते, पण यात धान्यं, डाळी, भाज्या, फळं, तेलबिया, सुकामेवा, मसाले सगळं धरतात. रोज तीच भाजी मोठ्या वाटीने खाण्यापेक्षा दोन वेगळ्या भाज्या लहान वाटीने खाव्यात. शिजवून गार केलेल्या बटाट्यात आणि भातात काही स्टार्च न पचणाऱ्या रूपात बदलतो आणि तोही जिवाणूंच्या कामी येतो. मात्र शिजवलेला भात तासन् तास बाहेर ठेवू नका, लवकर फ्रीजमध्ये टाका.

दोन-तीन आठवडे एवढंच करा. पेय अजून नाही.

तिसरी पायरी : पेय कोणतं घ्यायचं

विकतचं घेत असाल तर आधी बाटलीची मागची बाजू वाचा. आंबवल्यानंतर पाश्चरीकरण केलेलं असेल तर त्यात जिवंत जिवाणू नाहीत. चव तीच, पण ज्यासाठी घेतलं ते गेलं. ‘जिवंत कल्चर’ असा उल्लेख हवा आणि बाटली थंड कपाटात ठेवलेली हवी. साखर पाहा. १०० मिलिलिटरमागे दहा-बारा ग्रॅम साखर असेल तर ते सरबत झालं. आणि प्रत्येक आंबवलेलं पेय ‘प्रोबायोटिक’ नसतं. तो शब्द, पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला फायदा करतात असं दिसून आलेल्या जिवंत सूक्ष्मजीवांसाठी आहे. वेष्टनावर मात्र तो सर्रास छापतात.

नवख्या माणसाने सुरुवात दुधाच्या पेयाने करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. साधं दही पाण्यात घुसळून प्या किंवा केफिर प्या. दूध न पचणाऱ्या अनेकांना ही पेयं चालतात, कारण आंबताना काही लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, संपतं आणि दह्यातले जिवाणू उरलेलं पचवायला मदत करतात. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र हे चालणार नाही. तो वेगळा विकार आहे. दूध वर्ज्य असलेल्यांसाठी साखरपाण्यावर होणारं पाण्याचं केफिर आहे. आंबवलेल्या भाज्यांचं पाणीही चांगलं, पण त्यात मीठ बरंच असतं, म्हणून दोन-तीन चमचेच, आणि रक्तदाब असेल तर तेही जपून.

कोंबुचा मी शेवटी ठेवते. गोड चहा जिवाणू आणि यीस्टच्या जाड थराने, म्हणजे स्कोबीने, आंबवून तो होतो. तो आम्लधर्मी असतो, त्यात थोडं कॅफीन आणि थोडा अल्कोहोल असतो, आणि घरी करताना चूक झाली तर त्याची किंमत जास्त असते. चकाकी दिलेल्या मातीच्या भांड्यात तो कधीही करू नये, कारण आम्लामुळे चकाकीतलं शिसं पेयात उतरू शकतं. काच वापरा. जुन्या आंबट कोंबुचाचा भाग सुरुवातीलाच एकूण द्रवाच्या दहाव्या हिश्शाइतका घाला, म्हणजे चहा पहिल्या दिवसापासून आम्ल राहतो आणि नको ते जंतू धरत नाहीत. पट्टीने पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, मोजा (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), तो ४.२ च्या खाली उतरल्याशिवाय पिऊ नका. थराखाली लोंबणारे तपकिरी धागे यीस्टचे, त्यांना घाबरू नका. थराच्या वर कोरडे, लवदार, हिरवे-काळे-पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. तेव्हा थर, चहा सगळं टाकून द्या. वरची बुरशी काढून उरलेलं वाचवायचा मोह अजिबात नको.

चौथी पायरी : घरचं केफिर

केफिर शिकायला सगळ्यात सोपं आणि चुका पोटात घालणारं आहे. लागतात फक्त केफिरचे दाणे, पाश्चरीकृत दूध, काचेची बरणी, स्वच्छ कापड आणि गाळणी. दाणे म्हणजे धान्य नव्हे. जिवाणू आणि यीस्ट एका चिकट कर्बोदकात एकत्र राहतात, त्याचे ते मऊ, पांढरट, फुलकोबीच्या तुऱ्यासारखे गोळे. ओळखीच्या कुणाकडे असतील तर मागून घ्या, कारण ते वाढतात आणि करणाऱ्याकडे नेहमीच जास्तीचे होतात.

बरणी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. अर्धा लिटर दूध खोलीच्या तापमानावर येऊ द्या. उकळलेलं असेल तर पूर्ण गार करा, गरम दुधात दाणे मरतात. एक मोठा चमचा दाणे घाला, बरणी काठोकाठ भरू नका, वरून कापड बांधा आणि उन्हापासून दूर ठेवा.

आता लक्ष घड्याळापेक्षा बरणीकडे द्या. पहिले आठ-दहा तास काहीच दिसत नाही. मग दूध बरणीच्या कडेने जरासं घट्ट होऊ लागतं. बरणी तिरपी केली तर पाण्यासारखं न हलता सावकाश सरकतं. यीस्टचा, ताज्या पावाच्या कणकेसारखा मंद वास येतो. २० ते २५ अंश तापमानात १८ ते २४ तासांनी दाण्यांच्या आजूबाजूला पिवळसर पाण्याच्या बारीक रेघा दिसू लागतात. नेमकं तिथेच गाळा. तसंच ठेवलं तर रेघांचे खिसे होतात, घट्ट भाग वर आणि निवळ खाली असं दूध फाटतं. ते खराब नसतं, पण इतकं आंबट होतं की नवखा माणूस तोंड वाकडं करतो. तापमान ३० च्या वर असेल तर हेच बारा-चौदा तासांत होतं, म्हणून उकाड्यात दाणे निम्मे घाला किंवा लवकर गाळा.

गाळताना प्लास्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची गाळणी चालते. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम नको. चमच्याने हलकेच ढवळा, दाणे दाबू नका. ते न धुता सरळ ताज्या दुधात टाका. गाळलेलं केफिर फ्रीजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. बाटलीचं झाकण अगदी घट्ट लावू नका, यीस्ट थंडीतही थोडा वायू सोडत राहतं. गावाला जायचं असेल तर दाणे ताज्या दुधात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, आठवडाभर ते निवांत राहतात. परतल्यावरची पहिली खेप चवीला बिघडलेली निघू शकते. ती टाका, पुढची ठीक येते.

गुलाबी किंवा नारिंगी छटा, बुरशी, किंवा आंबट नसून कुजका वास आला, तर दाण्यांसकट सगळं टाका.

पाचवी पायरी : मात्रा

पहिला आठवडा रोज ५० मिलिलिटर, म्हणजे तीन-चार मोठे चमचे. जेवणाबरोबर घ्या, पोटातल्या आम्लाचा मारा अन्नामुळे थोडा सौम्य होतो. त्रास नसेल तर दुसऱ्या आठवड्यात १००, मग हळूहळू १५० ते २०० पर्यंत जा. तिथे थांबा. त्याहून जास्त पिण्यापेक्षा ताटात आणखी एक भाजी आलेली बरी.

सुरुवातीला थोडा गॅस, पोटात गुडगुड, शौचाच्या वेळेत बदल हे होतं. चार-पाच दिवसांत ओसरलं नाही तर मात्रा निम्मी करा. निम्म्यावरही त्रास होत असेल तर दोन आठवडे बंद ठेवून पुन्हा चमच्याने सुरू करा. पुन्हा तेच झालं तर हे पेय तुमच्यासाठी नाही. त्यात काही बिघडत नाही, फायबरचं काम चालूच असतं. पेय गरम करू नका, उकळत्या पदार्थात घालू नका, जिवाणू मरतात. आंबट पेय दिवसभर घोट-घोट पीत बसल्यानेही दातांचं नुकसान होतं. एकदा प्या, पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका.

सहावी : जेवणाच्या वेळा

पोट रिकामं असताना लहान आतडं दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट चालवून उरलंसुरलं अन्न पुढे ढकलतं. सारखं काहीतरी तोंडात टाकत राहिलं की ही झाडझूड होत नाही. म्हणून दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांचं अंतर ठेवा. सावकाश चावा. जेवणानंतर मोठं आतडं आपोआप जागं होतं, विशेषतः सकाळच्या खाण्यानंतर, त्यामुळे सकाळी खाऊन दहा मिनिटं निवांत शौचालयात बसायची सवय बद्धकोष्ठतेवर खूपदा औषधाइतकी लागू पडते. पायांखाली लहान स्टूल घ्या. रात्री जेवून थोडं चाला.

कोणी जपावं

केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, मोठ्या शिरेत नळी असलेले यांनी जिवंत जिवाणूंचं कोणतंही पेय डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदरपणात कच्च्या दुधाची पेयं आणि घरचा कोंबुचा टाळा. आंबवलेल्या पदार्थांत हिस्टामिन असतं. केफिर सुरू केल्यावर डोकेदुखी, अंगावर गांधी, चेहरा लाल होणं असं दिसलं तर बंद करा. नैराश्यासाठी एमएओआय गटातली औषधं घेणाऱ्यांनी आंबवलेल्या पदार्थांतल्या टायरामिन या घटकामुळे जास्तच सावध राहावं. मधुमेहींनी गोड पेयांतली साखर मोजावी. मद्य पूर्ण वर्ज्य असलेल्यांनी केफिर आणि कोंबुचा दोन्हींत अल्कोहोलचा अंश असतो हे ध्यानात घ्यावं.

अँटिबायोटिक चालू असेल तर एक गोष्ट हमखास विसरली जाते. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि नीट शोषली जात नाहीत. अशा गोळीच्या आणि केफिर-दह्याच्या मध्ये किती तास ठेवायचे ते औषधाच्या दुकानात विचारून घ्या, दोन तासांपेक्षा कमी तर नकोच. कोर्स पूर्ण करा. तो संपल्यावर पेय पुन्हा ५० मिलिलिटरपासून सुरू करा, आणि पुढचे काही आठवडे डाळी-भाज्यांवर नेहमीपेक्षा जास्त भर द्या.